डुल्सियाचं वोर्म्स

१२७२ साली चर्मपत्रावर लिहिलेला एक प्रार्थनाग्रंथ आहे. सणावारांच्या सामुदायिक प्रार्थनांचा, एकट्यानं उचलताना दमछाक व्हावी एवढा जाडजूड. त्याच्या एका पानावर मोठाल्या हिब्रू अक्षरांत एक शब्द रंगवलेला आहे आणि त्या अक्षरांच्या पोटातल्या मोकळ्या जागेत कुणीतरी बारीक हातानं एक ओळ बसवली आहे. लिपी हिब्रूच, पण भाषा घरातली, बायकामुलांशी बोलायची. हा ग्रंथ जो सिनेगॉगमध्ये वाहून नेईल त्याचा दिवस भला जावो, अशा अर्थाचा आशीर्वाद तिच्यात आहे. साल ठाऊक असलेलं यिडिश भाषेतलं हे सर्वांत जुनं वाक्य. ज्यानं पैसे मोजले त्याची आठवण या ओळीत नाही, विद्वानाची नाही. पहाटेच्या थंडीत हे ओझं छातीशी धरून गल्लीतून चालत जाणाऱ्या माणसाची आहे.

ही गल्ली वोर्म्सची. ऱ्हाइन नदीच्या डाव्या तीरावरचं, फ्रँकफुर्टच्या दक्षिणेचं हे शहर. ग्रंथ दुसरीकडे लिहिला गेला असावा, पण पुढं तो इथलाच झाला. ‘वोर्म्सचा माहझोर’ म्हणूनच जग त्याला ओळखतं.

शहराचा इतिहास सांगायचा तर आधी राजे सांगावे लागतात, आणि वोर्म्सकडे ते भरपूर आहेत. केल्ट लोकांची वस्ती, मग रोमनांचं ठाणं, मग पाचव्या शतकात बर्गंडियन टोळीचं राज्य. ४३६ मध्ये रोमन सेनापती एटियसनं हूणांना हाताशी धरून ते राज्य बुडवलं. राजा गुंडाहार आणि त्याची माणसं कापली गेली. या संहाराची आठवण लोकांच्या तोंडी आठेकशे वर्षं राहिली आणि १२०० च्या सुमारास तिचं महाकाव्य झालं, ‘निबेलुंगनलीड’. त्यातल्या दोन राण्या मानापानावरून भांडतात त्या वोर्म्सच्या कॅथीड्रलच्या दारात, आणि त्या भांडणातून सगळ्या कुळाचा नाश होतो. हागेन हा सरदार सोन्याचा खजिना ऱ्हाइनमध्ये बुडवतो. नदीकाठी त्याचा पुतळा आहे, डोक्यावर सोनं उचलून धरलेला. स्वतःच्या विनाशाची गोष्ट इतक्या प्रेमानं मिरवणारी शहरं थोडी असतील.

राजांची यादी इथं संपत नाही. १०७६ च्या जानेवारीत चौथ्या हेन्रीनं इथल्या सभेत पोप सातव्या ग्रेगरीला पदच्युत केल्याचं जाहीर केलं आणि सम्राट मोठा की पोप या वादानं युरोप पेटला. तो वाद मिटवणारा करारही ११२२ मध्ये इथंच झाला. १४९५ मध्ये इथल्या साम्राज्यसभेनं सरदारांच्या खासगी लढायांना कायमची बंदी घातली. या इतिहासाच्या मधोमध तांबूस वालुकाश्मातलं कॅथीड्रल उभं आहे. बिशप बुर्खार्डनं अकराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेल्या वास्तूच्या जागी उठलेल्या आजच्या इमारतीचं पवित्रीकरण ११८१ मध्ये झालं.

पण माझा जीव अडकला आहे तो या शहराच्या उत्तरेकडच्या एका गल्लीत, तटाला लागून गेलेल्या. तिथं राहणारे ज्यू लोक आपल्या गावाला ‘वार्माइझा’ म्हणत.

१०३४ मध्ये याकोब बेन डेव्हिड आणि त्याची बायको राहेल यांनी या गल्लीत सिनेगॉग बांधून दिलं. दोघांच्या नावांचा शिलालेख आजही तिथल्या भिंतीत आहे. अडचणीत सापडलेल्या चौथ्या हेन्रीला शहरानं आसरा दिला, म्हणून चाळीस वर्षांनी, १०७४ मध्ये, त्यानं वोर्म्सच्या रहिवाशांना जकातीतून सूट देणारी सनद काढली. त्या सनदेत ज्यूंचा उल्लेख वेगळा आणि ठळकपणे आहे. बिशपच्या बाजूनं न जाता राजाच्या बाजूनं उभं राहिलेलं शहर, आणि त्या शहरात हे लोक उपरे म्हणून मोजलेले नव्हते. त्याच सुमारास फ्रान्समधल्या त्रॉय गावचा एक तरुण इथल्या पाठशाळेत शिकून गेला. पुढं तो राशी या नावानं बायबल आणि तालमुद या ज्यू धर्मशास्त्राच्या ग्रंथाचा सर्वांत मोठा भाष्यकार ठरला. जगात कुठंही ज्यू मूल तालमुद उघडतं तेव्हा त्याचं बोट राशीच्या ओळींवरून फिरतं. वोर्म्स, नदीच्या वरच्या अंगाचं श्पायर आणि खालच्या अंगाचं माइन्त्स, ऱ्हाइनकाठची ही तीन गावं मिळून विद्येचं एक पीठच झालं. तिन्ही नावांची आद्याक्षरं जोडून लोक त्याला ‘शूम’ म्हणत.

मग १०९६ चा मे महिना आला. येरुशलेम सोडवायला निघालेल्या पहिल्या धर्मयुद्धाच्या टोळ्यांनी वाटेतच तलवारी उपसल्या. काही कुटुंबं घरात थांबली, काही बिशपच्या वाड्यात लपली. आधी घरं लुटली गेली, आठवड्याभरात वाडाही पडला. सुमारे ८०० माणसं गेली. बाप्तिस्मा नको म्हणून अनेकांनी आपल्या हातांनी आपली मुलं मारली आणि मग स्वतःला संपवलं. हिब्रू बखरींत हे सगळं लिहून ठेवलं आहे, नावानिशी. ती पानं वाचताना डोळे पुढं सरकत नाहीत. आणि तरीही वाचलेले लोक त्याच गल्लीत परतले, याचं मला अजून नवल वाटतं.

शंभर वर्षांनंतरचं एक घर या सगळ्या शतकांपेक्षा मला जवळचं वाटतं. रब्बी एलाझार बेन येहुदा यांचं. ते मोठे पंडित, आचारधर्मावर आणि गूढविद्येवर ग्रंथ लिहिणारे. त्यांची बायको डुल्सिया. ११९६ च्या हिवाळ्याच्या तोंडाशी दोन मारेकरी त्या घरात शिरले. डुल्सिया मदतीला हाका मारत रस्त्यावर धावली आणि तिथंच तिला मारलं. घरात दोन्ही मुली गेल्या. एलाझार आणि मुलगा जखमी होऊन वाचले.

नंतर एलाझारनी बायकोसाठी शोककाव्य लिहिलं. ज्यू घरांत शुक्रवारी संध्याकाळी गुणवंत गृहिणीची स्तुती म्हणतात, त्याच धाटणीचं. एवढा मोठा तत्त्वज्ञ, पण बायकोसाठी रडताना तो विश्वाची रहस्यं काढत नाही. ती दिवसभर काय करायची ते सांगतो. ती चर्मपत्राचे ताव आतड्याच्या दोऱ्यानं शिवायची. तोराह या धर्मग्रंथाच्या सुमारे चाळीस गुंडाळ्या तिच्या हातून शिवून झाल्या. सिनेगॉगच्या दिव्यांसाठी वाती करायची. शेजारणींचे पैसे एकत्र करून व्याजानं लावायची आणि त्यावर घर चालायचं, नवऱ्याचे शिष्य जेवायचे. नवऱ्या मुलींना सजवून मांडवापर्यंत घेऊन जायची. मेलेल्यांना आंघोळ घालून त्यांचं कफन शिवायची. गावोगावच्या बायकांना प्रार्थना शिकवायची. थोरली बेलेट तेरा वर्षांची; आईकडून सगळ्या प्रार्थना आणि चाली शिकलेली. धाकटी हाना सहा वर्षांची. रोज ‘श्मा’ ही प्रार्थना म्हणायची, तिला सूत कातता यायचं, भरतकाम यायचं, आणि ती बापाला गाऊन दाखवायची.

मध्ययुगातल्या युरोपातली एक बाई इतक्या जवळून दिसावी, तिच्या बोटांतल्या सुईसकट, हे फार विरळा आहे. त्या काळच्या राण्यांबद्दलही आपल्याला एवढं कळत नाही. सम्राट बारबरोसा आणि त्याच्या घराण्यातले राजे वोर्म्सला येऊन गेले, त्यांच्या मुक्कामाच्या तारखा आहेत. सहा वर्षांची हाना काय करायची हे मात्र बापानं लिहिलं म्हणून राहिलं. माझ्यापुरतं वोर्म्स हे डुल्सियाचं गाव आहे, आणि या शहराला जे काही टिकवून धरलं ते अशाच हातांनी, असं मला मनापासून वाटतं.

डुल्सिया गेल्यावर सोळा-सतरा वर्षांनी, १२१२-१३ मध्ये, सिनेगॉगला लागून बायकांसाठी वेगळं दालन बांधलं गेलं. तिनं शिकवलेल्यांपैकी कुणी त्या दालनात बसल्या असतील. १२७५ च्या एका थडग्यावरचा लेख सांगतो की इथं पुरलेली अब्राहामची मुलगी उरानिया गोड गळ्याची होती आणि बायकांसाठी स्तोत्रं गायची. माहझोरमधली ती आशीर्वादाची ओळ लिहिली गेली तेव्हा उरानिया जिवंत होती.

थडग्यांचं निघालंच आहे तर त्या दफनभूमीबद्दल थांबून सांगायला हवं. जुन्या तटाबाहेर, नैर्ऋत्येला, ‘हायलिगर झांड’, पवित्र वाळू. अकराव्या शतकापासूनचे शिलालेख तिथं आहेत आणि दोन हजारांच्या वर दगड उभे आहेत. उभे म्हणायचं, पण शतकांच्या मातीत खचून कुणी पुढं झुकलंय, कुणी शेजाऱ्यावर रेललंय. युरोपात टिकून राहिलेली ही सर्वांत जुनी ज्यू दफनभूमी. दाराजवळच दोन दगड शेजारी शेजारी आहेत. एक रोथेनबुर्गच्या रब्बी मेइर यांचा. १२८६ मध्ये राजा रुडॉल्फच्या हुकुमानं त्यांना कैद केलं आणि त्यांच्या सुटकेसाठी प्रचंड खंडणी मागितली. मेइर यांनी समाजाला पैसे भरू दिले नाहीत. एकदा भरले की प्रत्येक रब्बीला धरतील, हे त्यांनी ओळखलं होतं. १२९३ मध्ये ते तुरुंगातच वारले. तरीही त्यांचं प्रेत चौदा वर्षं दिलं नाही. अखेर १३०७ मध्ये अलेक्झांडर बेन सालोमन विम्फेन या माणसानं आपली संपत्ती ओतून ते सोडवलं आणि मोबदल्यात एवढंच मागितलं की मला त्यांच्या शेजारी पुरा. दुसरा दगड त्याचा. लोक आजही दोन्ही दगडांवर खडे ठेवतात, चिठ्ठ्या ठेवतात.

१३४९ मध्ये प्लेगच्या साथीत ज्यूंवर विहिरीत विष टाकल्याचा आळ आला आणि गल्ली पुन्हा जळली. पुन्हा काही वर्षांनी माणसं परतली.

१५२१ च्या एप्रिलमध्ये वोर्म्स सगळ्या जगाच्या इतिहासात गेलं. सम्राट पाचव्या चार्ल्ससमोर मार्टिन ल्यूथरला आपली पुस्तकं मागं घेतोस का असं विचारलं. त्यानं एक दिवसाची मुदत मागितली आणि १८ तारखेला नकार दिला. पाठ्यपुस्तकांत एवढं वोर्म्स असतं. पाच वर्षांनी, १५२६ मध्ये, विल्यम टिंडलचा इंग्रजी नवा करार इथल्याच छापखान्यात पूर्ण छापून निघाला आणि चोरून इंग्लंडला गेला. त्या आवृत्तीच्या तीन प्रती उरल्याचं ठाऊक आहे. विवेकाच्या बाजूनं उभं राहणाऱ्या माणसाचं धैर्य मी कमी लेखत नाही. पण त्याच ल्यूथरनं १५४३ मध्ये ज्यूंविरुद्ध जे पुस्तक लिहिलं, त्यात सिनेगॉग जाळून टाकण्याचा स्पष्ट सल्ला आहे. वोर्म्समध्ये १८६८ साली उभारलेलं त्याचं भव्य स्मारक पाहताना तो नकार आणि हे पुस्तक एकाच माणसाचे आहेत हे विसरता येत नाही, आणि विसरू नये.

सतराव्या शतकात या गल्लीला तिचा बखरकार मिळाला. युस्पा, सिनेगॉगचा शमेस. दारं उघडायची, लोकांना प्रार्थनेला उठवायचं, दिवे लावायचे, नोंदी ठेवायच्या, हे त्याचं काम. १६७८ मध्ये तो वारला तोवर त्यानं गल्लीतला प्रत्येक रिवाज लिहून काढला होता: कोणत्या सणाला काय म्हणायचं, लग्नाची वरात कुठून जाते, मुलाचं नाव कसं ठेवतात. गोष्टीही जमवल्या. या गल्लीतल्या गोष्टींपैकी एक अशी: राशीची आई गरोदर असताना अरुंद बोळात समोरून गाड्या भरधाव आल्या. ती सिनेगॉगच्या भिंतीला चिकटली आणि दगडांनी आत सरकून तिला जागा दिली. भिंतीतला तो खळगा लोक दाखवत असत. १०९६ आणि १३४९ बघितलेल्या, १६१५ मध्ये जमावानं हाकलून दिल्यावर वर्षभरात परतलेल्या लोकांनी ही गोष्ट जपली. दगडालाही दया येते, असं आपल्या लेकरांना सांगावंसं त्यांना वाटलं.

३१ मे १६८९ रोजी फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या फौजेनं वोर्म्स पेटवलं. ही आग सगळ्यांची होती. ल्यूथर जिथं उभा राहिला तो बिशपचा वाडा गेला, तिथं आज बाग आहे. कॅथीड्रल आतून जळालं, सिनेगॉग उद्ध्वस्त झालं. शहर पुन्हा कधी पूर्वीएवढं मोठं झालं नाही. एकोणिसाव्या शतकात हाइल घराण्याच्या चकचकीत लॅकर-चामड्यानं त्याला पुन्हा पैसा दिला. ज्यूंना गल्लीत कोंडणारी दारं त्याआधी फ्रेंच राज्यातच काढली गेली होती. १८४९ मध्ये फेर्डिनांड एबरश्टाट हा ज्यू गृहस्थ शहराचा महापौर झाला, जर्मनीतला त्या पदावरचा पहिला ज्यू. आता सगळं नीट होईल असं वाटायला जागा होती.

ऱ्हाइनच्या पलीकडे, जवळच्याच हेपनहाइममध्ये ज्यू तत्त्वज्ञ मार्टिन बूबर राहत. ते अधूनमधून वोर्म्सला येत. १४ जानेवारी १९३३ रोजी श्टुटगार्टमध्ये एका ख्रिस्ती धर्मपंडिताशी झालेल्या संवादात त्यांनी या गावाबद्दल सांगितलं. आपण आधी कॅथीड्रलभोवती फिरतो आणि त्याच्या रेखीवपणात आनंदून जातो. मग दफनभूमीत जातो, जिथं आकार हरवलेले वाकडेतिकडे दगड आहेत, आणि तिथून वर कॅथीड्रलकडे पाहतो. खाली रेखीव असं काही नाही, पण त्या मातीत गाडलेल्यांशी आपलं नातं आहे आणि देवाशी झालेला करार मागं घेतला गेलेला नाही, असं ते म्हणाले. सोळा दिवसांनी हिटलर चॅन्सेलर झाला.

तेव्हा वोर्म्समध्ये हजाराच्या आसपास ज्यू होते. सरकारी शाळेतून काढून टाकलेली एक शिक्षिका त्यांच्यात होती, हेर्टा मान्सबाखर. मुलांनाही शाळांतून काढलं तेव्हा समाजानं स्वतःची शाळा सुरू केली आणि मान्सबाखर बाई तिथं शिकवू लागल्या. वर्गातली मुलं एकेक करून कमी होत होती. कुणी अमेरिकेला, कुणी पॅलेस्टाइनला. बाईंनी वही घातली. कोण गेलं, केव्हा गेलं, कुठं गेलं, घर घर करून नोंदवलं. युस्पानं राहणाऱ्यांच्या रिवाजांची वही लिहिली होती. बाईंनी जाणाऱ्यांची लिहिली.

१० नोव्हेंबर १९३८. तो ल्यूथरचा जन्मदिवस. सिनेगॉगला आग लावली गेली. पहिली आग समाजाच्या लोकांनी विझवली. जमाव पुन्हा आला तेव्हा मान्सबाखर बाई दारात आडव्या उभ्या राहिल्या, असं सांगतात. त्यांना बाजूला ढकललं. १०३४ पासून त्या जागी असलेलं सिनेगॉग जळालं. १९४२ मध्ये उरलेल्या भिंती सुरुंगानं पाडल्या. त्याच वर्षी मार्चमध्ये बाईंना इतरांबरोबर पोलंडमधल्या पियास्कीकडे पाठवलं. त्या परतल्या नाहीत. सप्टेंबरमध्ये उरलेल्यांना नेलं. १०९६ नंतर परतलेले, १३४९ नंतर, १६१५ नंतर, १६८९ नंतर परतलेले लोक यावेळी परतले नाहीत. पवित्र वाळूतले दगड राहिले, त्यांची वोर्म्समधली वंशावळ संपली. आणि ज्यांना १९४२ मध्ये नेलं त्यांच्या नावाचं एकही थडगं त्या मातीत नाही, हे मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत असह्य वाटतं. मेइर यांचं प्रेत मिळवायला चौदा वर्षं लागली, पण ते मिळालं होतं.

२१ फेब्रुवारी आणि १८ मार्च १९४५ च्या हवाई हल्ल्यांत जुनं वोर्म्स बहुतेक सगळं गेलं. कॅथीड्रलचं छप्पर जळालं. पळणाऱ्या जर्मन सैन्यानं ऱ्हाइनवरचा पूल उडवला. त्या आगीत मेलेल्यांतही सहा वर्षांच्या मुली असणार, आणि त्यांच्यासाठीही शोक करायला हवा.

शहराचे पुराभिलेखपाल फ्रीडरिश इलर्ट यांनी माहझोर कॅथीड्रलमध्ये लपवला होता. मोडलेल्या सिनेगॉगचे दगड, शिलालेखांचे तुकडेही त्यांनी जपले. ग्रंथ १९५७ मध्ये येरुशलेमला गेला. आता तो तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. सिनेगॉग मात्र जुने दगड वेचून पुन्हा बांधलं आणि ३ डिसेंबर १९६१ ला खुलं केलं. त्यावर तेव्हाही वाद झाला. सामुदायिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात. वोर्म्समध्ये ते नव्हते. माणसं नाहीत तर वास्तू कुणासाठी, हा प्रश्न खोटा नव्हता. तरीही ते बांधलं हे मला योग्य वाटतं. न बांधता ती जागा मोकळी ठेवली असती तर कालांतरानं तिथं दुकानं आली असती, आणि राहेलचं नाव वाचायला भिंत उरली नसती. पण नव्या भिंतीला जुनी म्हणू नये. २०२१ मध्ये श्पायर आणि माइन्त्सबरोबर वोर्म्सचं ज्यू वैभव जागतिक वारसा यादीत गेलं, बसगाड्या भरून लोक येतात. त्यांना ९०० वर्षांची परंपरा अखंड असल्याचा भास होऊ देणं हा मेलेल्यांवरचा अन्याय होईल.

१९९० नंतर सोव्हिएत संघातून निघालेली ज्यू कुटुंबं या भागात आली. सिनेगॉगमध्ये आता अधूनमधून पुन्हा प्रार्थना होते, दहा माणसं जमतात, अंगणात रशियन ऐकू येतं. त्यांचे आजे-पणजे या वाळूत नाहीत, युक्रेन आणि बेलारूसच्या मातीत आहेत, पुष्कळांचे तर कुठं आहेत तेही माहीत नाही. ही मुलं वोर्म्समध्ये शाळेत जातात. इतिहासाच्या तासाला त्यांना सम्राट आणि ल्यूथर शिकवतीलच. कुणीतरी त्यांना बेलेट आणि हानाबद्दलही सांगावं, वयासकट, कातलेल्या सुतासकट. आणि मान्सबाखर बाईंची वही उघडून त्यांच्या समोर ठेवावी, एकेक नाव मोठ्यानं वाचायला लावावं.